तांब्याच्या तारेवरचें इंटरनेट

१९९८ सालच्या नोव्हेंबरांत भारत सरकारनें इंटरनेट पुरविण्याचा धंदा खाजगी कंपन्यांस मोकळा केला, आणि त्यासाठीं सबंध देशाची तीन प्रतींच्या परवान्यांत वांटणी केली. 'अ' वर्गाचा परवाना साऱ्या देशासाठीं. 'ब' वर्गाचा एखाद्या प्रांताएवढ्या टेलिफोन-मंडळासाठीं, अथवा चार महानगरें आणि पुणें, अहमदाबाद, बंगलोर, हैदराबाद यांपैकीं एका शहरासाठीं. 'क' वर्गाचा परवाना मात्र टेलिफोन-खात्याच्या एका दुय्यम क्षेत्रापुरता, म्हणजे बहुधा एका जिल्ह्यापुरता असे. महाराष्ट्र मंडळांतील अशा क्षेत्रांच्या यादींत भंडारा हें एक नांव होतें. गोंदिया त्या वेळीं वेगळा जिल्हा झालेला नव्हता. तो १ मे १९९९ रोजीं झाला, तरी टेलिफोनच्या नकाशांत तो भंडाऱ्याच्याच पदरीं राहिला. अशा रीतीनें वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरची भातशेती, शेंकडों जुने तलाव, तुमसरकडील मँगनीजच्या खाणी आणि गोंदियाचा व्यापार एवढा सगळा मुलुख एखाद्या लहानशा स्थानिक कंपनीनें जगाशीं जोडावा, अशी निदान कागदोपत्रीं सोय झाली.

या परवान्याची किंमत पाहिली म्हणजे तो कोणासाठीं काढला होता हें उघड होतें. पहिलीं पांच वर्षें फी माफ, पुढें वर्षाला एक रुपया. बँकेची हमी द्यावी लागे ती 'अ' वर्गास २ कोटी, 'ब' वर्गास २० लाख, आणि 'क' वर्गास अवघी ३ लाख रुपयांची. त्याच दशकाच्या मध्यास याच टेलिफोन-खात्यानें, घरच्या टेलिफोनला संगणक जोडून 'बुलेटिन बोर्ड' चालविणाऱ्या हौशी मंडळींकडून वर्षाला १५ लाख रुपये शुल्क घेण्याचा बेत केला होता, आणि त्यावरून संगणकप्रेमींनीं देशभर गिल्ला केला होता. तीन-चार वर्षांत पंधरा लाखांवरून शून्यावर येणें हा सरकारी खात्याच्या इतिहासांत लहान चमत्कार नव्हे. परंतु परवाना स्वस्त झाला म्हणून धंदा स्वस्त झाला नाहीं. खरा खर्च आणि खरा धोका एका पेटींत होता. ग्राहकांचे टेलिफोन उचलून त्यांना इंटरनेटवर सोडणारी ती पेटी. ती कोणती घ्यावी, केवढी घ्यावी, आणि केव्हां घ्यावी, या तीन प्रश्नांत लहान पुरवठादाराचें बरेंवाईट सांठविलेलें होतें.

हा प्रश्न भंडाऱ्यास नवा असला तरी महाराष्ट्रास नवा नव्हता. १९८६-८७ च्या सुमारास मुंबईंत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आय. आय. टी. यांच्यामध्यें साध्या टेलिफोनवरून संगणकाचीं पत्रें जाऊं-येऊं लागलीं. केंद्राचे प्रमुख डॉ. श्रीनिवासन रमणी हे होते, आणि 'एर्नेट' या नांवानें देशांतील शिक्षणसंस्था एकमेकींस जोडण्याची जी योजना इलेक्ट्रॉनिक्स खात्यानें संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्यानें हातीं घेतली होती, तिचा हा पहिला धागा होता. त्या काळीं जोडणी अखंड नसे. एक संगणक दुसऱ्यास टेलिफोन करी, सांठलेलीं पत्रें त्याच्या स्वाधीन करी, त्याच्याकडचीं घेई आणि टेलिफोन ठेवून देई. गांवोगांवच्या टपालाच्या थैलीसारखाच हा व्यवहार होता, फक्त थैली धांवत होती तारेवरून. १९८९ सालीं जुहूच्या केंद्रापासून अमेरिकेंतील व्हर्जिनियापर्यंत सेकंदास ९६०० बिटांची भाड्याची वाहिनी मिळाली. ९६०० बिट म्हणजे सेकंदाला सुमारें हजार रोमन अक्षरें. एवढ्या चिंचोळ्या नळीतून त्या काळच्या शिक्षणसंस्थांचा परदेशीं पत्रव्यवहार वाहत असे.

सामान्य माणसाला इंटरनेट मिळालें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं, विदेश संचार निगमाकडून. व्यक्तीला २५० तासांचे ५ हजार रुपये आणि संस्थेला १५ हजार रुपये हा दर होता, आणि टेलिफोनचें बिल निराळें. दर असा असल्यावर गिऱ्हाईक थोडेंच येईल, असा हिशेब कोणीही केला असता. तो चुकला. गर्दी लोटली, यंत्रांनीं आणि वाहिन्यांनीं दगा दिला, ग्राहक तासन् तास नंबर फिरवीत बसले. निगमाचे अध्यक्ष बी. के. सिंघल यांनीं या फजितीची जबाबदारी जाहीरपणें पत्करली, आणि ती पत्करण्यांत त्यांचा मोठेपणाच दिसला. मुंबई-दिल्लीसारख्या ठिकाणीं, सरकारी भांडवल पाठीशीं असतां, हा अंदाज चुकतो. मग ज्याला आपल्या खिशांतून एकदांच पेटी विकत घ्यावयाची आहे, त्याच्या अंदाजाला केवढें महत्त्व आलें असेल!

पेटीकडे वळण्यापूर्वीं तिच्या पोटांत काय चालतें तें पाहिलें पाहिजे. टेलिफोनची तार मनुष्याच्या आवाजासाठीं आंखलेली असते. सेकंदास सुमारें ३०० ते ३४०० कंपनांचा नाद तिच्यावरून नीट जातो. त्याच्या खालचा-वरचा कांटछांट होतो. संगणकाची भाषा शून्य आणि एक यांची. ती या चाळणींतून जावी म्हणून तिचें नादांत रूपांतर करावें लागतें, आणि पलीकडे नादाचे पुन्हां आंकडे करावे लागतात. हें काम करणारा तो मोडेम; मॉड्युलेटर आणि डिमॉड्युलेटर या दोन शब्दांच्या तुकड्यांचा तो सांधा आहे. टेलिफोन जोडतांना जो किंचाळल्यासारखा आवाज ज्यांनीं ऐकला असेल, त्यांनीं दोन मोडेमांची ओळखपरेडच ऐकली असें म्हणावयास हरकत नाहीं. तार कितपत चांगली आहे, किती वेगानें बोलतां येईल, हें तीं दोन यंत्रें त्या अर्ध्या मिनिटांत ठरवीत.

मोडेमचा वेग वाढत गेला. १९९४ सालीं सेकंदास २८,८०० बिटांचें प्रमाण ठरलें, १९९६ सालीं तें ३३,६०० झालें, आणि दोन्ही टोंकांस साधी तार असेल तर याच्या फार पुढें जाणें निसर्गनियमांतच बसत नाहीं, अशी तज्ज्ञांची खात्री झाली.

अशा परिस्थितींत लहान पुरवठादारापुढें पहिला आणि सर्वांत सोपा मार्ग होता तो मोडेमांच्या राशीचा. बाजारांतून सोळा साधे मोडेम आणावे, टेलिफोन-खात्याकडून सोळा लाइनी घ्याव्या, एका संगणकांत अनेक तोंडांचें कार्ड बसवावें, त्यावर फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली चढवावी, आणि धंदा सुरू करावा. जगांतील असंख्य लहान पुरवठादारांनीं असाच श्रीगणेशा केला. या मार्गाचा मोठा गुण म्हणजे भांडवल टप्प्याटप्प्यानें घालतां येई. चार गिऱ्हाइकें वाढलीं कीं एक मोडेम वाढवावा, एक बिघडला तर पंधरा चालू राहावे.

परंतु या राशीचे दोष ती रचल्यावर कळत. साध्या संगणकाला अशी तोंडें एक-दोनच असत, आणि जुन्या घडणीच्या तोंडांत येणारें अक्षर ठेवण्यास एकाच अक्षराची जागा असे. संगणक क्षणभर दुसऱ्या कामांत गुंतला कीं पुढचें अक्षर मागच्याच्या उरावर येऊन पडे. पुढें सोळा अक्षरांची जागा असलेली चकती आली आणि हा गोंधळ आटोक्यांत आला. पण ती आपल्या कार्डांत आहे कीं नाहीं हें पाहून घेणारा खरेदीदार विरळा. सोळा मोडेमांना सोळा वीज-ठोकळे, सोळा तारांच्या जोड्या, आणि उन्हाळ्यांत पंचेचाळीस अंशांच्या घरांत जाणाऱ्या विदर्भाच्या हवेंत त्या सर्वांची ऊब. याहून विचित्र दोष 'हंटिंग'चा. ग्राहकांना एकच नंबर देतां यावा म्हणून एक्स्चेंज सोळा लाइनी एका नंबराखालीं बांधतें, आणि येणारा टेलिफोन पहिल्या मोकळ्या लाइनीवर टाकतें. आतां त्या रांगेंतला पहिलाच मोडेम गोठला असें समजा. घंटा वाजते, तो उचलीत नाहीं. एक्स्चेंजच्या दृष्टीनें ती लाइन मोकळीच. म्हणून प्रत्येक नवा ग्राहक तिच्याकडेच पाठविला जातो, आणि बाकीचे पंधरा मोडेम रिकामे असूनही गांवभर बोभाटा होतो कीं इंटरनेट बंद आहे. यावर उपाय म्हणजे रात्रीं-अपरात्रीं उठून त्या मोडेमची वीज बंद-चालू करणारा मनुष्य. हिशेबाच्या वहींत या मनुष्याची झोंप कोणी धरीत नाहीं.

दुसरा मार्ग होता संगणकाऐवजीं याच कामासाठीं घडविलेल्या यंत्राचा. कॅलिफोर्नियांतील प्लेझंटन गांवच्या लिव्हिंग्स्टन कंपनीची 'पोर्टमास्टर' ही पेटी या वर्गांत फार नांवाजलेली. मोडेम बाहेरच राहत, पण त्यांच्या दहा ते तीस तारा या पेटींत जात, आणि पेटी एकदां चालू केली कीं महिनोन् महिने तिच्याकडे पाहावें लागत नसे. या कंपनीनें आणखी एक गोष्ट जगाला दिली. १९९१ सालीं मिशिगनमधील मेरिट नेटवर्कच्या गरजेंतून तिनें एक पद्धति बसविली: ग्राहक आला कीं त्याचें नांव व परवलीचा शब्द एका मध्यवर्ती संगणकाला विचारावा, आणि तो किती वेळ जोडलेला होता याची नोंदही तेथेंच व्हावी. हिचें नांव 'रेडियस'. १९९७ च्या जानेवारींत ती जगास खुली म्हणून प्रसिद्ध झाली, आणि पुढें प्रत्येक कंपनीच्या पेटीला ती येऊं लागली. पंचवीस तास, शंभर तास असे गठ्ठे विकणाऱ्या पुरवठादाराची ही खरी तिजोरी होती. वाण्याचें दुकान वहीवर चालतें, याचें रेडियसवर. ज्या पेटीला रेडियस येत नाहीं ती कितीही स्वस्त असली तरी घेऊं नये, एवढा एक नियम तरी त्या काळीं निरपवाद होता.

इतक्यांत १९९७ सालीं वेगाची नवी चढाओढ सुरू झाली आणि दोन्ही जुने मार्ग एकदम शिळे ठरले. सेकंदास ५६,००० बिटांचे मोडेम बाजारांत आले. त्यांतही दोन तट. एक यू. एस. रोबोटिक्सचा, दुसरा रॉकवेल व ल्यूसेंट यांचा. एका तटाचा मोडेम दुसऱ्याशीं बोले तो जुन्याच वेगानें. १९९८ च्या फेब्रुवारींत 'व्ही.९०' या सामाईक प्रमाणावर तडजोड झाली. त्यापूर्वीं ज्यांनीं एक तट निवडून पैसे गुंतविले होते, त्यांतल्या अनेकांना प्रणाली तरी बदलावी लागली, नाहीं तर यंत्र. तेव्हां भंडाऱ्याचा परवाना नोव्हेंबर १९९८ मध्यें निघाला हें एका परीनें दैवच म्हणावयाचें. भांडण मिटल्यावर बाजारांत जाणाऱ्यास तें भांडण विकत घ्यावें लागत नाहीं.

पण या नव्या वेगामागें एक अट होती, आणि तीच या सगळ्या कथेची किल्ली आहे. नव्या एक्स्चेंजांत आवाजाचे सेकंदास ८,००० नमुने घेऊन प्रत्येकाचा आठ बिटांचा आंकडा केला जातो. म्हणजे एका संभाषणास ६४,००० बिट. पुरवठादाराच्या घरीं हा आंकड्यांचा प्रवाह जसाच्या तसा आला, मध्यें त्याचा पुन्हां नाद झाला नाहीं, तरच ५६,००० चा वेग साधतो. पुरवठादारानें आपल्याकडे साध्या लाइनी घेऊन नवेकोरे ५६,००० चे मोडेम लावले, तर रूपांतर दोनदां होतें, आणि ग्राहकाला ३३,६०० च्या वर कांहीं मिळत नाहीं. पैसे नव्या वेगाचे आणि वेग जुना! हें न कळल्यामुळें किती ठिकाणीं किती मोडेम वायां गेले असतील त्याची गणती नाहीं.

म्हणून तिसरा मार्ग. सोळा तारांऐवजीं एक्स्चेंजपासून एकच आंकड्यांची वाहिनी घ्यावी, आणि जिच्या पोटांतच मोडेम आहेत अशी पेटी तिला लावावी. युरोपाप्रमाणें हिंदुस्थानांतही या वाहिनीचें माप 'ई-१' असें आहे. तिच्यांत ६४,००० बिटांचे ३२ कप्पे असतात. एक ताल धरण्यासाठीं, एक इशाऱ्यांसाठीं, आणि उरलेले ३० बोलण्यासाठीं. अमेरिकेंतील 'टी-१' चें माप २४ चें. त्यामुळें अमेरिकन जाहिरातींतील ४८ मोडेमांची पेटी येथें ६० ची होई, किंवा मुळींच चालत नसे. लिव्हिंग्स्टनची 'पोर्टमास्टर ३', ॲसेंडची 'मॅक्स', यू. एस. रोबोटिक्सची 'टोटल कंट्रोल', सिस्कोची 'ए-एस ५३००', या त्या काळच्या प्रसिद्ध पेट्या. त्यांच्या गुणदोषांवर अमेरिकेंतले पुरवठादार हिरिरीनें वाद करीत.

भंडाऱ्याच्या पुरवठादाराला मात्र त्या वादाचा उपयोग थोडा होता. त्याचा प्रश्न निराळाच: आपल्या गांवचें एक्स्चेंज आपल्याला देणार काय? अमेरिकेंत ही वाहिनी नव्या आय. एस. डी. एन. पद्धतीच्या इशाऱ्यांनीं बोलते. येथें अनेक एक्स्चेंजांचे इशारे 'आर-२' नांवाच्या जुन्या पद्धतीचे, आणि त्या पद्धतीचेही देशपरत्वें निराळे पाठभेद. दुकानदाराच्या कागदावर 'ई-१ चालते' एवढें वाचून घेतलेली पेटी येथल्या एक्स्चेंजच्या हांकेला ओ देईलच असें नव्हतें. शिवाय सरकारी टेलिफोनला जें यंत्र जोडावयाचें त्याला दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राची मान्यता लागे. तेव्हां शहाण्या माणसानें आधीं एक्स्चेंजच्या अभियंत्याकडे जावें, कोणती वाहिनी कोणत्या इशाऱ्यांनीं आणि केव्हां मिळेल तें लिहून घ्यावें, आणि मग पेटीच्या दुकानाची पायरी चढावी. उलट क्रमानें गेलेल्याची पेटी वाहिनीची वाट पाहत धूळ खाई, आणि संगणकाच्या धंद्यांत धूळ खाणाऱ्या वस्तूची किंमत दरमहा उतरते.

वेगाची दुसरी अडचण ग्राहकाच्या बाजूची. भंडारा शहरांतल्या वकिलाला किंवा महाविद्यालयाच्या प्राध्यापकाला चांगला वेग मिळणें शक्य होतें. साकोलीकडच्या किंवा पवनीकडच्या खेड्यांतून येणारा टेलिफोन मात्र लांब तारेवरून, कोठें कोठें जुन्या जोडणीवरून येई. १९८६ सालीं कर्नाटकांतील कित्तूर येथें बसलेल्या सी-डॉटच्या लहान ग्रामीण एक्स्चेंजनें देशाच्या खेड्यांत टेलिफोन नेला हें खरें, आणि तें काम थोर होतें. पण अनेक खेड्यांतला एकुलता एक सार्वजनिक टेलिफोन रेडिओच्या लहरींवर चाले आणि त्यावर माणसाचाच आवाज धड जात नसे. तेथें मोडेमची काय कथा. परवान्याच्या नकाशांत सगळा जिल्हा होता. पेटीच्या नकाशांत कांहीं मोजकीं गांवें.

आतां राहिला 'केवढी घ्यावी' हा प्रश्न. याचें उत्तर भंडाऱ्याच्या कोणा पुरवठादाराच्या जन्मापूर्वींच एका डॅनिश गणित्यानें देऊन ठेविलें होतें. आग्नर क्रारूप एर्लांग हा कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींत नोकरीस होता, आणि किती वाहिन्या असल्या म्हणजे किती लोकांना 'एंगेज' ऐकावें लागेल याचें सूत्र त्यानें १९१७ सालीं प्रसिद्ध केलें. त्या सूत्रानें गर्दीच्या तासाचा हिशेब करून पाहावा. शंभरांत एकालाच नकार मिळावा अशी अट घातली, तर ८ वाहिन्यांवर सरासरीनें एका वेळीं ३.१ ग्राहकांचें काम चालतें. १६ वर ८.९ चें, ३० वर २०.३ चें. वाहिन्या पावणेचारपट केल्या कीं काम साडेसहापट होतें. एका वाहिनीमागें दहा ग्राहक हा धंद्यांतला ठोकताळा घेतला, आणि गर्दीच्या वेळीं दहांतला एक जण टेलिफोन फिरवील असें धरलें, तर ३० वाहिन्यांच्या पुरवठादाराकडे शंभरांत तेरा जण परत जातात, पण ८ वाहिन्यांच्या पुरवठादाराकडे तेवीस-चोवीस. दोघांनींही ठोकताळा सारखाच पाळला आहे, दोघांचाही दर सारखाच आहे. लहान असणें हाच येथें दंड आहे, आणि तो कोणा सरकारनें लावलेला नाहीं, गणितानें लावलेला आहे.

यांत आणखी एक मेख होती. एर्लांगच्या काळचें टेलिफोनवरचें बोलणें कांहीं मिनिटांचें. एक्स्चेंजें त्याच मापानें बांधलेलीं होतीं. शंभर घरांत एका वेळीं थोडींच बोलत असतील हें गृहीत धरून. इंटरनेटचा ग्राहक एकदां जोडला कीं तासभर हलत नाहीं. रात्रीं दर स्वस्त म्हणून सर्व जण रात्रींच येतात. म्हणजे पुरवठादाराच्या पेटींत जागा असतांही एक्स्चेंजच्या पोटांत वाट उरत नाहीं, आणि दोष मात्र पेटीच्या माथीं येतो.

पावसाळ्याबद्दल दोन शब्द बोलणें अवश्य आहे. पूर्व विदर्भांत मृगाच्या आधीं आणि हस्ताच्या सुमारास विजांचा कडकडाट मोठा. खांबावरची तार ही विजेला घरांत आणणारी पायवाटच असते, आणि मोडेमांच्या राशींतली प्रत्येक तार म्हणजे अशी एक पायवाट. चांगली भुई आणि तारेच्या तोंडाशीं विजेचा लोंढा जमिनींत वळविणारी नळी यांवर खर्च केलेला रुपया कोणत्याही नांवाजलेल्या पेटीहून अधिक उपयोगी पडे. भारनियमनासाठीं बॅटऱ्या लागतच.

पेटीच्या मागच्या बाजूस आणखी एक तार असते, तिचा विचार पुष्कळदां शेवटीं होई. भंडारा जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणतात. कोहळी लोकांनीं बांधलेल्या तलावांवर तेथली भातशेती पिढ्यान् पिढ्या उभी आहे, आणि मालगुजारी तलाव म्हणून ते ओळखले जातात. तलावाला पाटाची तोंडें कितीही काढलीं तरी आंत पाणी येतें तेवढेंच बाहेर जातें, हें तेथल्या शेतकऱ्याला सांगावें लागत नाहीं. इंटरनेटच्या पुरवठादाराला मात्र कधीं कधीं सांगावें लागे. ५६,००० चे तीस मोडेम घेतले आणि मागें ६४,००० ची एकच भाड्याची वाहिनी नागपुराकडे नेली, तर तिसांचा वेग मिळून एकाच्याहून थोडा अधिक. सगळे ग्राहक एका क्षणीं ओढीत नाहींत, मधून मधून वाचीत बसतात, म्हणून कसेंबसें निभे. पण त्या वाहिनीचें भाडें दरमहाचें होतें, आणि पेटीच्या किंमतीप्रमाणें तें एकदां देऊन सुटका नव्हती.

ती वाहिनी देणारा कोण? टेलिफोन-खातें. ग्राहकाची तार कोणाची? टेलिफोन-खात्याची. आणि इंटरनेटच्या धंद्यांत प्रतिस्पर्धी कोण? तेंच. १ ऑक्टोबर २००० रोजीं खात्याचें भारत संचार निगम झालें, आणि निगमाच्या 'संचारनेट'नें जिल्ह्याजिल्ह्यांत स्वतःच्या पेट्या बसविल्या. ज्या घरांत भाड्यानें राहावयाचें त्याच घराच्या मालकाशीं दुकानदारींत स्पर्धा करावयाची, अशी 'क' वर्गाची स्थिति होती. परवाना घेतलेल्यांपैकीं पुष्कळांनीं देशभर प्रत्यक्ष सेवा कधीं सुरूच केली नाहीं, याचें नवल वाटावयास नको.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोंकाला याच १९९८ सालीं एक निराळा प्रयोग झाला. वारणानगरच्या सहकारी संस्थांभोंवतालच्या, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारें ७० गांवांत सरकारी साहाय्यानें संगणक ठेवण्यांत आले. ऊसउत्पादकाला आपल्या उसाची नोंद आणि वजन गांवांतच कळावें हा हेतु. येथें ग्राहक शोधावयाचा नव्हता, कारखान्याचे सभासद हेच ग्राहक. आणि काम ठराविक असल्यामुळें मंद जोडणीही पुरे. पुढें २००६-०७ च्या सुमारास कांहीं गांवांत संगणकाच्या जागीं मोबाइल टेलिफोनवरचे लघुसंदेश वापरून पाहण्यांत आले, आणि तेंच काम त्यांनीं अधिक स्वस्तांत केलें. वारणेला साखर कारखाना होता. भंडाऱ्याच्या भातशेतकऱ्याला कोणा एका केंद्राशीं रोजचा आंकड्यांचा व्यवहार नव्हता, म्हणून तसा तयार ग्राहकही नव्हता. पेटीची निवड अशा गोष्टींवरही अवलंबून असते.

पेट्यांच्या कंपन्यांचें पुढें काय झालें हेंही पाहण्यासारखें आहे. लिव्हिंग्स्टन १९९७ सालीं ल्यूसेंटनें विकत घेतली. १९९९ सालीं त्याच ल्यूसेंटनें ॲसेंडही घेतली. दोन सवती एका घरांत आल्या, आणि त्यांतली पोर्टमास्टर कांहीं काळांतच उत्पादनांतून गेली. ज्यांनीं तिच्यावर विश्वास टाकला होता त्यांची निवड चुकली असें म्हणतां येत नाहीं. यंत्र अखेरपर्यंत चोख चाललें. सुट्या भागांचा आणि नव्या प्रणालीचा झरा मात्र आटला.

ऑक्टोबर २००४ मध्यें सरकारचें ब्रॉडबँड धोरण आलें आणि २,५६,००० बिटांच्या खालच्या वेगाला ब्रॉडबँड म्हणावयाचें नाहीं असें ठरलें. १४ जानेवारी २००५ रोजीं भारत संचार निगमानें 'डेटावन' सेवा सुरू केली. तार तीच, तांब्याची, खांबावरून घरांत आलेली. पण आतां ग्राहकासमोरची पेटी एक्स्चेंजच्याच खोलींत, तारेच्या तोंडाशीं बसवावी लागे, कारण या नव्या पद्धतीचे उंच नाद एक्स्चेंजच्या पलीकडे जातच नाहींत. त्या खोलीची किल्ली तारेच्या मालकाकडे होती. ही तार इतर पुरवठादारांनाही भाड्यानें मिळावी अशी शिफारस नियामक प्राधिकरणानें एप्रिल २००४ मध्यें केली होती. ऑक्टोबरच्या धोरणांत ती सक्तीची म्हणून आली नाहीं.